डीकन काकांचं पॉलिहाऊस : दुरुस्तीच्या नोंदी, जून ते नोव्हेंबर २०२४

जुनं, बंद पडलेलं छोटं पॉलिहाऊस (प्लास्टिकचं हरितगृह) पुन्हा उभं करायचं असेल तर या नोंदी कामाला येतील. नवीन बांधायचं असेल तर फारसा उपयोग नाही.

जागा नाशिकहून दिंडोरीकडे जाताना, रस्त्यापासून आत. ५६० चौरस मीटर, म्हणजे साडेपाच गुंठ्यांच्या आसपास. जीआय पाइपचा सांगाडा, थंडाव्याचे पंखे-पॅड काही नाही, वरच्या खिडकीतून आणि बाजूच्या पडद्यांतून जी हवा येईल तीच. मागच्या टोकाला लागून पंपहाऊसची सिमेंटची भिंत. ही भिंत लक्षात ठेवा, पुढे तिने मला फसवलंय. पीक जरबेरा, म्हणजे फुलं.

मालक डीकन काका (डीकन म्हणजे चर्चमधला दीक्षा घेतलेला सेवक, फादरच्या खालचा) ऑक्टोबर २०२३ मध्ये गेले. मूळचे वसईचे, फुलशेती करणाऱ्या घरातले. नोकरी मुंबईत केली, डीकनची दीक्षाही तिकडेच घेतली. निवृत्त झाल्यावर इकडे जमीन घेतली आणि इथल्या बिशपांच्या परवानगीने इथल्या चर्चमध्ये सेवा सुरू केली. मी बांधालगतचा. आमची द्राक्षं. बारावीनंतर दोन वर्षं त्यांच्याकडे कामाला होतो, तेवढीच माझी पात्रता.

१ जून, शनिवार

काकूंनी बोलावलं. वर्षश्राद्धाला काय करायचं यावर नातेवाइकांची बैठक झाली होती. संगमरवरी पाटी लावायची, ४५,००० रुपये, असं जवळपास ठरलं होतं. काकू म्हणाल्या, "पाटी पुसायला कोण जाणार? मला ते पॉलिहाऊस उभं करून दे. दोन नोव्हेंबरला सगळ्या कबरींवर आपलं फूल गेलं पाहिजे." २ नोव्हेंबर हा त्यांचा सर्व मृतांचा दिवस. कबरस्थानात मेणबत्त्या, फुलं, प्रार्थना. काका दरवर्षी इथूनच फुलं न्यायचे.

मी हो म्हणालो. हिशोब नंतर केला, ही पहिली चूक.

२ जून

पाहणी. मे महिन्यातल्या वळवाने वरचा प्लास्टिक फाडलाय, पश्चिमेच्या बाजूने तर नुसत्या झिरमिळ्या. फिल्म तशीही चार वर्षांची होती, २०० मायक्रॉनची फिल्म तीन-चार वर्षांपलीकडे टिकत नाहीच. जिथे जिथे ती पाइपला टेकते तिथे आधी कुजलेली. पाइप उन्हात तापतो आणि तेवढीच पट्टी भाजते. सांगाडा ठणठणीत. प्रोफाइल (फिल्म ज्या पट्टीत अडकवतात ती) काही ठिकाणी वाकलेले, फिल्म धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा गंजलेल्या. ड्रीपच्या नळ्या आहेत, पण उंदरांनी कुरतडल्यात. आत गुडघाभर गाजरगवत.

९ जून

काकूंनी वह्या दिल्या. अकरा वह्या. शंभर पानी, शाळेच्या. माझी कल्पना होती की एकात शेती आणि एकात चर्च असेल. तसं नाही. सगळं एकात आणि एकाच शाईत. नमुना (व्हेंट म्हणजे वरची खिडकी, ईसी म्हणजे क्षारांचं माप):

"सकाळी ६ व्हेंट उघडले. ईसी जास्त, आज साधं पाणी. ९ वाजता दफन. घाईत मेन व्हॉल्व्ह बंद करायचा राहिला. पुढच्या चार बेडमध्ये तळं. चूक माझीच."

"स्नानसंस्कार २. लहानगं खूप रडलं. नागअळी वाढतेय."

आमच्या गावात सगळे त्यांना फादर म्हणायचे आणि ते प्रत्येक वेळी दुरुस्त करायचे. "फादर नाही रे. फादर मिस्सा करतात. मी वाढपी." बायबलात प्रेषितांनी सात जण निवडले ते जेवणाच्या पंगतीची व्यवस्था बघायला, डीकनांची परंपरा तिथपासून सांगतात. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, त्यांना करता येत नसे, पापनिवेदन ऐकता येत नसे. शुभवर्तमान वाचणं, प्रवचन, बाप्तिस्मा, लग्न लावणं, दफनविधी हे चालायचं. डाव्या खांद्यावरून तिरका पट्टा घालायचे, अगदी जानव्यासारखा, म्हणून आमचे आजोबा त्यांना गमतीने 'वसईचे भटजी' म्हणत. दोघं एकमेकांच्या घरी चहाला असायचे.

लग्न झालेल्या माणसाला डीकन व्हायचं तर बायकोची संमती लागते, शिवाय वय किमान पस्तीस. काकू सांगतात, "त्या कागदावर मी लगेच सही केली. पॉलिहाऊसच्या कर्जाच्या कागदावर मात्र आठवडाभर केली नव्हती."

१६ जून

भाव काढले. फिल्म १७० किलो, २०५ रुपयांनी ३४,८५०. स्प्रिंगा आणि थोडे नवीन प्रोफाइल ६,४००. बसवणारी टोळी चौरस मीटरला २५ रुपये, म्हणजे १४,०००. नातेवाइकांचे पाटीसाठी जमलेले ६०,००० होते, ते काकूंनी इकडे वळवले. दोघं जण नाराज आहेत. असोत.

२८ ते ३० जून

फिल्म पहाटेच चढवायची. साडेपाचला सुरुवात, नऊच्या आत एक गाळा (छताचा एक भाग) पूर्ण, कारण त्यानंतर वारा उठतो आणि फिल्मचं शीड होतं. थंडीत ताणून बसवली तर उन्हात सैल पडते. कडक उन्हात ताणली तर रात्री आखडून फाटते. पावसाळी पहाट त्यातल्या त्यात बरी, फक्त पाऊस नको. आम्हाला तीन दिवसांत दीड पहाट मिळाली.

मोठी चूक. पहिला गाळा झाला, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी आत गेलो तर वरून टपटप. बाहेर पाऊस नाही. आतल्या वाफेचे थेंब. फिल्मची एक बाजू अशी असते की तिच्यावर थेंब धरत नाही, पाणी पसरून कडेला ओघळतं. ती बाजू आत हवी. आम्ही ती आकाशाकडे केली होती. फिल्मच्या काठावर ठळक छापलेलं होतं कोणती बाजू आत. पाच जण होतो, एकानेही वाचलं नाही. थेंब फुलावर पडले की डाग आणि मागोमाग करडी बुरशी, त्यामुळे तसंच ठेवणं शक्य नव्हतं. सगळ्या स्प्रिंगा काढून गाळा उलटा केला. टोळीने वरचे ३,००० घेतले आणि वारा-पावसामुळे सहा दिवस गेले.

या वेळी फिल्मखाली पाइपवर पांढरा रंग मारून घेतला. काकांच्या २०१९ च्या वहीत लिहिलं होतं, "पाइप पांढरे करायला हवे होते." त्यांनी केले नव्हते.

१४ जुलै

ड्रीप. विहिरीचं पाणी क्षाराचं, ड्रीपर पांढरे झालेले. बादली आणि मोजपात्र घेऊन वीस ड्रीपर तपासले. ताशी दोन लिटरच्या ड्रीपरमधून दहा मिनिटांत ३३० मिली यायला हवं. सात ठिकाणी १०० च्या खाली, तीन बंद.

ॲसिड सोडलं, रात्रभर नळ्यांत ठेवलं, सकाळी धुतलं. नेहमी पाण्यात ॲसिड टाकायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. हे मला माहीत होतं. जे माहीत नव्हतं ते असं, की धुताना आधी नळ्यांची शेवटची टोकं उघडायची. मी बंदच ठेवली. सुटलेला सगळा चुना पुढे जाऊन शेवटच्या ड्रीपरमध्ये बसला, जे चांगले होते तेही चोक झाले. चार नळ्या बदलल्या. गाळणीच्या चकत्या, ॲसिड, नळ्या धरून ९,२००.

२८ जुलै

बेड. जुनी लाल माती तीच ठेवली. एक ट्रॉली शेणखत ४,५००, भाताचं तूस २,०००. बेडची उंची दीड फूट, वरची रुंदी दोन फूट, मध्ये फूटभर वाट. आडवे तीस बेड बसतात. रोपांचा भाव ऐकून बाराच लावायचे ठरवले, मागच्या भिंतीकडचे, कारण तिथे वारा कमी. निर्जंतुकीकरणाला सिल्व्हरवालं हायड्रोजन पेरॉक्साइड.

ठरवलं होतं २० जुलैची लागवड. जरबेऱ्याला लागवडीपासून पहिलं फूल काढायला ७५ ते ९० दिवस लागतात. २ नोव्हेंबरपासून मागे मोजलं तर ऑगस्टचा पहिला आठवडा ही शेवटची गाडी.

८ ऑगस्ट

लागवड. १,४४० रोपं, टिश्यू कल्चरची, ३४ रुपयांना एक, ४८,९६०. गाडीभाडं २,५००. एका बेडवर दोन ओळी, रोपात फूटभर अंतर, नागमोडी.

जरबेरा लावताना हात आवरता घ्यावा लागतो. आपल्याला रोप मातीत नीट दाबायची सवय. जरबेऱ्याचा गाभा, जिथून पानं फुटतात तो, मातीच्या वर दिसला पाहिजे. गाडला की कुजला. पेठकडच्या दोन बाया लावायला होत्या, त्यांनी काकांकडे पूर्वी काम केलेलं. माझी एक ओळ त्यांनी न बोलता उपटून पुन्हा लावली.

१० ऑगस्ट

काम काही नाही, फवारा दिला. काकूंकडे जेवण. आज संत लॉरेन्सचा सण. तोही डीकन, रोममध्ये २५८ साली मारला गेला. गोष्ट अशी सांगतात की अधिकाऱ्याने चर्चचा खजिना मागितला तेव्हा त्याने गावातले गोरगरीब आणि लुळेपांगळे आणून उभे केले, हाच खजिना म्हणून. काका दरवर्षी आजच्या दिवशी मजुरांना जेवू घालायचे आणि स्वतः वाढायचे. बसा म्हटलं तरी बसायचे नाहीत. काकूंनी आज त्याच बायांना बोलावलं होतं. वाढायला मी. भात कमी पडला.

१ सप्टेंबर

रोपं धरलीत. कळ्या यायला लागल्या आणि त्या खुडायच्या आहेत. पहिले सहा-सात आठवडे येईल ती कळी काढायची, म्हणजे रोप पानांत आणि मुळांत ताकद घालतं. हे करवत नाही. काकूंना बघायला बोलावलं नाही.

निळे आणि पिवळे चिकट सापळे लावले. निळ्यावर थ्रिप्स, म्हणजे फुलकिडे.

आता पाण्याबद्दल. मागच्या सहा बेडना वेगळा व्हॉल्व्ह आहे. मी सगळीकडे १२ मिनिटं देतोय. पण भिंत तापते, मागची रोपं दुपारी माना टाकतात. काकांच्या शेवटच्या पूर्ण वहीत, १ नोव्हेंबर २०२२ ला, एक ओळ सापडली : "मागची भिंत – ४०. आधी." २०२१ च्या वहीतही त्याच तारखेला : "मागची भिंत – ३८. आधी." म्हणजे ते मागच्या व्हॉल्व्हला ४० मिनिटं देत होते आणि तो आधी सोडत होते. आजपासून तसंच.

१६ सप्टेंबर

मागच्या बेडमध्ये रोपं मरतायत. पानं आधी जांभळट, मग मलूल. ओढलं की रोप हातात येतं आणि गाभा काळा, चिकट. सरळ गाभाकूज. कारण शोधायला लांब जायला नको. ड्रीपर ताशी दोन लिटरचा, ४० मिनिटांत रोपाला १.३ लिटर. या वयाच्या रोपाला अर्धा लिटरसुद्धा जास्त. आणि दुपारी माना टाकणं हे उन्हाचं होतं, तहानेचं नव्हतंच. संध्याकाळी ती पुन्हा उभी राहत होती. मी संध्याकाळी बघायला गेलोच नव्हतो.

पाणी तीन दिवस बंद. मेलेली रोपं मातीसकट काढून बाहेर जाळली. बुरशीनाशक पाण्यातून मुळाशी ओतलं, दहा दिवसांनी ट्रायकोडर्मा (कुजीच्या बुरशीला मारणारी चांगली बुरशी). औषधं सगळी मिळून ५,३००. मोजली, २१८ रोपं गेली. रोपाचा भाव धरला तर ७,४१२ रुपये एका ओळीमुळे.

राग काकांचा आला, खोटं कशाला बोलू. असं अर्धवट लिहून कशाला ठेवायचं? काकूंना सांगितलं नाही.

२९ सप्टेंबर

कूज थांबली. आजपासून कळ्या खुडणं बंद. शेजारच्या पोराने मोबाइलवर रोज फोटो काढायचं काम घेतलंय, त्याचा फायदा असा की कालच्यापेक्षा आज काय बिघडलं ते दिसतं.

वर्षश्राद्धाची मिस्सा झाली. फादरांनी बोलताना काकांबद्दल फार नाही सांगितलं, पण बाहेर चहाला लोक सांगत होते. एकाच्या वडिलांच्या दफनाला भर पावसात काका चिखलातून चप्पल हातात घेऊन आले होते. एका बाईच्या लग्नात त्यांनी नाव चुकीचं घेतलं आणि मग सगळ्यांसमोर दोनदा बरोबर घेतलं, चुकीची भरपाई म्हणून. मी वहीत लिहून घेतलं. ही बारावी वही.

१२ ऑक्टोबर, दसरा

आमचा झेंडू सगळा बाजारात गेला, मागची एक ओळ ठेवली, गरज पडली तर. नाशिकला मोगल काळात गुलशनाबाद म्हणायचे, हे सणाला सराफ बाजारातल्या फुलबाजाराच्या गर्दीत शिरलं की पटतं. एरवी आम्हाला द्राक्षांपुढे काही दिसत नाही.

२६ ऑक्टोबर

दिवाळी आणि २ नोव्हेंबर यंदा एकत्र. लक्ष्मीपूजन १ ला, पाडवा २ ला. पेठच्या बाया आज घरी गेल्या, भाऊबीज झाल्याशिवाय येणार नाहीत. हे जूनमध्येच कॅलेंडरवर दिसत होतं. मी बघितलं नाही.

एका व्यापाऱ्याचा फोन आला. दिवाळीचा भाव, जागेवर उचलतो म्हणाला. १,३०,७१० रुपये खर्च झालेत (माझा वेळ सोडून), त्यातले साठ हजार नातेवाइकांचे, बाकी काकूंचे आणि थोडे माझे. मी काकूंना फोन दिला. त्या व्यापाऱ्याला म्हणाल्या, "तीन तारखेनंतर सगळं तुमचंच, बाळा."

१ नोव्हेंबर

पहाटे चारला तोडणी, मी, शेजारचा पोरगा आणि माझी आई. जरबेरा कापत नाहीत. दांडा बुडाशी धरायचा, बाजूला वाकवून हलका झटका द्यायचा, तो जोडातून सुटतो. कापला तर राहिलेलं खुंट कुजतं. मधल्या चकतीच्या बाहेरच्या दोन-तीन ओळी उमलल्या असतील तेच फूल काढायचं, कोवळं काढलं की संध्याकाळपर्यंत मान मोडते. आईने तीसेक कोवळी काढली, मी काही बोललो नाही, ती आमच्या देवघरात गेली.

घेण्यासारखी फुलं ३१८. कबरी ४१२, मागच्या आठवड्यात काकूंच्या भाच्याने मोजल्यात. ९४ कमी. त्या २१८ रोपांचा हिशोब डोक्यातून जात नव्हता.

संध्याकाळी काकूंना शेवटी सगळं सांगितलं. कूज, ४० मिनिटं, वहीतली ओळ. वही काढून दाखवली. त्यांनी चष्मा लावला, वाचलं आणि हसायला लागल्या. बराच वेळ हसत होत्या.

"अरे, ही व्हॉल्व्हची नाही. ही कबरस्थानाची मागची भिंत. तिथं ज्यांचं कोणी येत नाही त्या कबरी. बेवारस, कुणी परगावचे, कुणाची पोरं परदेशात. ह्यांची सुरुवात तिथून असायची. पुढच्यांना फुलं घेऊन घरचे येतातच, म्हणायचे."

२ नोव्हेंबर

सकाळी सात. दोन बादल्या जरबेरा, एक पोतं झेंडू. फटाक्यांचा धूर शहरात खाली बसलेला. काकूंनी मागच्या भिंतीपासून सुरुवात केली, मी बादली धरून मागे. तिथे सगळीकडे नावं नाहीत, काही ठिकाणी नुसता लाकडी क्रॉस, एका ठिकाणी तोही मोडलेला. तिथे जरबेराच ठेवला, झेंडू नाही. पुढे फुलं पुरली नाहीत तिथे झेंडू दिला. कुणी तक्रार केली नाही. काकांच्या कबरीपाशी पोहोचलो तेव्हा बादलीत एकच जरबेरा होता, केशरी, आणि त्याचीही मान जरा वाकडी. काकूंनी तोच ठेवला.

घरी येऊन बाराव्या वहीत लिहिलं :

"२ नोव्हें. २०२४. मागची भिंत – ४३. आधी. (कबरस्थान.)
मागचा व्हॉल्व्ह – १२ मिनिटं."